अकरा तासांवरचा दवाखाना

मामांना आजाराचं नाव ऐकण्यात रस नसे. गावाहून आलेल्या माणसाने खोलीच्या दारात चपला काढल्या, पिशवी भिंतीला टेकवली, की मामा आतूनच विचारत, "किती तास?" नवखा माणूस आपलं दुखणं सांगू लागे. मग मामा हात वर करून त्याला थांबवत. "दुखणा डाक्टराक सांग. माका तास सांग. घरातून निघाल्यापासून हय पोचेपर्यंत." कोणी दहा म्हणे, कोणी बारा. घाटात गाडी बंद पडलेला एक बिचारा सतरा म्हणाला, तेव्हा मामांनी उठून त्याला आपली गादी दिली होती. आमच्या वाडीचे तास अकरा. ते मला पाठ आहेत, कारण चाळीत माझी ओळख करून देतानाही मामा "हा अकरा तासांवरचा" एवढंच सांगत.

ही खोली परळच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. मालकी कोणा एकाची नाही, आमच्या गावाची. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातले बापये तिथे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच वळकट्यांवर येऊन पडे. गिरण्या बंद पडल्या, बापये गावी परतले किंवा वारले, आणि खोली रिकामी राहण्याऐवजी तिच्यात आजारी माणसं यायला लागली. त्याला कारण होतं. आमच्या गॅलरीतून शीळ घातली तर पाच हॉस्पिटलांत ऐकू जाईल, असं मामा म्हणत. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. लहान मुलांचं वेगळं, कॅन्सरचं वेगळं, बाळंतपणाचं वेगळं, आणि मधोमध ते भलंमोठं महापालिकेचं. आणि आमच्या तालुक्यात हाडाचा फोटो काढायचा तर मशीन चालवणारा माणूस आठवड्यातून दोन दिवस यायचा.

मामा त्या महापालिकेच्या हॉस्पिटलातच वॉर्डात नोकरीला होते. तिथे कामगार बाईला मावशी म्हणतात आणि पुरुषाला मामा. तेच नाव चाळीत आलं, तिथून गावात गेलं, आणि मग त्यांचं खरं नाव विचारायची कोणाला गरज पडली नाही. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर "रजा मंजूर नाय झाली," म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही अंगात तोच नोकरीतला खाकी शर्ट. खाकी शर्टवाल्याला ओपीडीत कोणी हटकत नाही, हे त्यामागचं शास्त्र. कोणी प्रेमाने फणस किंवा सुकट आणली की भडकत. "अरे, आजारी माणूस आणलंस की फणस?" मग तो फणस संध्याकाळपर्यंत शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांत वाटून टाकत आणि स्वतः दोन गरेही खात नसत.

त्यांची खरी करामत म्हणजे रंगीत तालीम. माणूस ज्या दिवशी येई त्या दिवशी त्याला हॉस्पिटलात न्यायचंच नाही. आधी पेज द्यायची, झोपवायचं, आणि चार वाजता उठवून तालमीला बसवायचं. मामा स्टुलावर डॉक्टर होऊन बसत. समोर पेशंट. बाकीचे पेशंट भिंतीला रांगेने.

"बोला, काय होतंय?"

"तसा काय नाय साहेब. माझ्या धाकट्या भावाचा लगीन होता, तेवा जेवणावळीक..."

मामा स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत. "टायम संपलो. पुढचो!"

पेशंट गांगरून जाई. मग मामा त्याला समजावत, की तिकडे डॉक्टरसमोर शंभर माणसं असतात, तुझ्या वाट्याला दोन मिनिटं येणार, त्यातलं पहिलं वाक्य दुखण्याचं पाहिजे. भावाचं लग्न चौथ्या वाक्यानंतर. एका म्हातारीकडून त्यांनी "छातीत दुखतं, जिना चढताना, दोन महिने झाले" एवढं अकरा वेळा म्हणवून घेतलं होतं. अकराव्या वेळी ती वैतागून म्हणाली, "मेल्या, तूच कशाक नाय तपासणस माका?" खोलीत असा हशा पिकला की शेजारची वहिनी बघायला आली. मामाही हसले. पण लगेच म्हणाले, "आजी, परत. पहिल्यापासून."

नोकरीत असतानाचा त्यांचा एक किस्सा हॉस्पिटलात बरीच वर्षं सांगितला जाई. मी तिथे डॉक्टरकी शिकायला गेलो तेव्हा मला तो एका जुन्या सिस्टरांनी सांगितला. वॉर्डात राउंड चालू होता. कोणत्यातरी लांबच्या जिल्ह्यातला एक माणूस पाय काळा पडल्यावर आलेला. मोठे सर त्याच्यावर कडाडले, "इतके दिवस काय करत होतात?" तो माणूस खाली बघत राहिला. मागे ट्रॉली धरून उभे असलेले मामा म्हणाले, "प्रवास करत होते, सर." दुसऱ्या दिवशी मामांना मेमो मिळाला. तो त्यांनी घडी करून, देवाच्या तसबिरीमागे ठेवला होता, आणि लहर लागली की काढून दाखवत.

इंटर्न असताना मी एका बाईला हाच प्रश्न विचारला. अगदी त्याच सुरात. विचारून झाल्यावर कान गरम झाले. हे मी मामांना सांगितलं नाही. न सांगायची सवय बहुधा तिथूनच लागली.

दहावीनंतर मी त्या खोलीत राहायला आलो. आईबाबा पुढे बहिणीकडे कोल्हापूरला गेले, गावाशी माझा संबंध मामांपुरताच उरला. खोलीत एक पंखा. त्याच्याखालची जागा मामांनी मला दिली, अभ्यासाला. पेशंट गॅलरीत. माझ्या बारावीच्या वर्षी मे महिन्यात किडनीचा एक म्हातारा गॅलरीत चटईवर पडून वर्तमानपत्राने वारा घेत असायचा आणि मी आत पंख्याखाली जीवशास्त्र पाठ करत असायचो. मी एकदा म्हटलं, आजोबांना आत घ्या. मामा म्हणाले, "तू वाच." आणि बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाले, "ह्यो डाक्टर झालो की तुमका हय येवची पाळी येवची नाय." बाहेरून त्या म्हाताऱ्याने "हो, हो" केलं. पंखा मला दिल्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही.

मी डॉक्टर झालो. आमच्यात शिक्षण संपलं की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, त्याचा बाँड असतो. यादी लागली आणि योगायोग असा, की माझं नाव आमच्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयावर आलं. मी कपाळाला हात लावला. मला पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा होता, क्लास दादरला होता, आणि सोबतची सगळी मुलं कसंबसं मुंबई-ठाण्यात राहायची खटपट करत होती. मामांनी मात्र चाळीत पेढे वाटले. हॉस्पिटलातल्या जुन्या दोस्तांना गाठून सांगून आले. पेढेवाल्याला म्हणे त्यांनी "उलटा प्रवास चालू झालाय" असं सांगितलं, आणि तो बिचारा नुसताच हसला.

मी गाडीत बसलो त्याच दिवशी त्यांनी गावाच्या ग्रुपवर आवाजाचा मेसेज टाकला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. "ऐका रे सगळे. आता ताप असो, पोटात दुखणा असो, कायव झाला तरी आधी परळाक येव नकात. आपलो डाक्टर तालुक्याक बसलो हा. थय जावा." वीस वर्षं ज्यांना त्यांनी परळचा रस्ता शिकवला, त्यांना ते पहिल्यांदाच येऊ नका म्हणत होते. खाली लोकांनी टाळ्या, फुलं, हार टाकले. मी जोडलेले दोन हात टाकले.

मी तिथे बरोबर चार दिवस होतो. रुग्णालयाची इमारत नवी होती. सोनोग्राफीचं मशीन प्लास्टिकच्या आवरणात होतं, ते उघडायला माणूस नव्हता. दुसरे डॉक्टर दीर्घ रजेवर. सगळा कारभार एक सिस्टर चालवत होत्या, पन्नाशीच्या, आणि मला बघून त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो बघून मला अपराधी वाटलं, कारण मुंबईला बदलीचं माझं बोलणं आधीच चालू होतं. पाचव्या दिवशी कागद आला. प्रतिनियुक्ती. म्हणजे जागा तिथली, पगार तिथला, काम मुंबईतल्या एका कार्यालयात. याचा एक अर्थ मला तेव्हाही नीट कळत होता. कागदावर तिथे डॉक्टर होता. जागा भरलेली होती. म्हणून दुसरा कोणी येणार नव्हता.

मी मामांना सांगितलं नाही. दादरला मित्राच्या खोलीवर राहायला लागलो. तिथून मामांची चाळ बसने पंधरा मिनिटं. दोन महिने मी परळच्या बाजूला फिरकलो नाही. फोन आला तर घेत नसे, कारण मागून दादरचे हॉर्न आणि फेरीवाले ऐकू गेले असते. संध्याकाळी लायब्ररीच्या बाथरूममध्ये जाऊन उलटा फोन करायचो आणि दवाखान्यात आज किती पेशंट होते ते मनाने सांगायचो. मामा खूश होऊन विचारत, "लांबून लांबून येतायत का रे? किती तासांवरून?" मी म्हणायचो, "एकेक तासावरून, मामा." ते म्हणत, "बस. एका तासात झालं पाहिजे. झालं मग." या एवढ्याशा खोट्याची मला आज जी लाज वाटते ती कुठल्याही मोठ्या पापाची वाटणार नाही.

भाताची लावणी चालू होती. आमच्या वाडीतला एक तिशीचा माणूस तापाने फणफणला. पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल. चिखलात राबणाऱ्या माणसाला असा ताप आला की आमच्याकडे त्याला काय म्हणतात ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उंदराच्या मुतातून होतो तो. वेळेवर इंजेक्शनं गेली तर माणूस आठवड्यात पुन्हा शेतात दिसतो. पूर्वीचे दिवस असते तर त्याच्या बायकोने परळचा रस्ता धरला असता किंवा शेजारच्या खाजगी डॉक्टरकडे धाव घेतली असती. पण ग्रुपवर मामांचा मेसेज होता. ती नवऱ्याला घेऊन तालुक्याला गेली.

सिस्टरांनी ताप पाहिला, सलाईन लावलं, आणि डॉक्टर मीटिंगला गेलेत म्हणून सांगितलं. जागेवर नसलेल्या डॉक्टरसाठी तिकडे हेच एक उत्तर ठरलेलं असतं. शिवाय, थांबू नका, जिल्ह्याला न्या, असंही सांगितलं. बाईने मामांना फोन लावला. मामांनी मला लावला. मी घेतला नाही. मग त्यांचा आवाजाचा मेसेज आला, "आपल्या वाडीतला पोरगा तुझ्या दवाखान्यात आलाय. ताप लाल डोळ्यांचा. तू कधी पोचतोस?"

मी तो दुपारी जेवताना ऐकला. दोनदा ऐकला. "लाल डोळ्यांचा" हे शब्द ऐकले, आणि काय आजार असेल ते मला तिथेच, जेवणाच्या ताटावर कळलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तिथे नाही, त्याला आत्ता जिल्ह्याला हलवा. मामांनी तर उभ्या गावाला पहिलं वाक्य कसं बोलावं ते शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी क्लासची चाचणी परीक्षा होती. मी लिहिलं, "उद्या बघतो."

मामांनी बाईला सांगितलं, थांबा, उद्या येतोय तो. ती थांबली. एक दिवस, मग अर्धा दिवस. सिस्टर तिला परोपरीने सांगत होत्या, ती ऐकेना. शेवटी मामांनीच शंका येऊन सिस्टरांचा नंबर मिळवला. त्यांनी खरं ते सांगून टाकलं, की तुमचे डॉक्टर दोन महिने मुंबईलाच आहेत. मामांनी गाडी करायला लावली. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याची लघवी बंद झाल्याचं बघून तिथल्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, आणि तिथून तो परळला आला.

मला मामांचा फोन आला तेव्हा मी घेतला. का कोण जाणे. ते म्हणाले, "किती मिनिटं लागतील तुला?"

मी म्हटलं, "पंधरा."

"ये मग."

आयसीयूच्या बाहेर मामा खाकी शर्टात उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आतून एक तरुण डॉक्टर आला, पेपर चाळत चिडून म्हणाला, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?" मी मामांकडे बघितलं. ज्यांनी एका वाक्यासाठी मेमो घेतला होता ते मामा भिंतीवरच्या बोर्डाकडे बघत राहिले. मीही तोच बोर्ड वाचू लागलो. त्याची किडनी गेली होती, फुप्फुसांत रक्त उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

यानंतर मामा माझ्याशी रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते बोललेच नाहीत. ग्रुपवरून मला काढलं नाही की आपला तो मेसेजही पुसला नाही. फक्त काही दिवसांनी दुसरा टाकला, "कायव झाला तर थेट परळाक येवा," बाकी काही नाही. पुढे चाळ पुनर्विकासात गेली, खोली रिकामी झाली, मामा गावी जाऊन राहिले. मला पुढच्या परीक्षेत चांगले मार्क पडले. आता लोअर परळला एका काचेच्या इमारतीत माझं क्लिनिक आहे. माझे पेशंट वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांतून लिफ्टने खाली येतात, त्यांना तीन मिनिटं लागतात. गावी मी एकदाच गेलो, मामांच्या घरापर्यंत गेलो, अंगणात त्यांचा खाकी शर्ट वाळत होता. तो बघून परत फिरलो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला याहून जास्त धीर असायला हवा होता.

सांगायची राहिली ती, तो माणूस गेला त्या दिवसाची दुपार. ती सांगायचं मी इतका वेळ टाळतोय, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल.

शववाहिकेचे कागद व्हायचे होते. तेवढं एक काम मी केलं. ओळखी होत्या, इकडून तिकडे पळालो, एरवी पाच तास लागतात ते दीड तासात करून दिलं. कागद घेऊन मी गावाच्या खोलीवर गेलो. बाई पंख्याखाली बसली होती, भिंतीला पाठ लावून. मामा तिच्यासमोर चहाचा कप धरून उकिडवे बसले होते आणि ती तो घेत नव्हती. मी कागद मामांच्या हातात दिले. माझ्या दहावीनंतर कधीतरी लग्न होऊन वाडीत आलेली ती, मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. "तुमी धावपळ केलास म्हणान बरा झाला," म्हणाली. मग कोणाला उद्देशून नाही, अशी बोलत राहिली. "नर्स म्हणी होती, हलवा म्हणान. पण मामांनी सांगल्यानी, उद्या येतलो. आपलो माणूस म्हणान थांबलंव. परको डाक्टर असतो तर त्याच दिसा गाडी करून निघालो असतंव."

मामांच्या हातातला कप कलंडला. चहा त्यांच्या बोटांवर सांडला, तो गरम होता, पण त्यांनी हात मागे घेतला नाही.

तिने डोळे पुसले आणि आमच्याकडची कुठलीही बाई कुठल्याही नव्या माणसाला विचारते ते मला विचारलं. "तुमी खंयचे?"

मी तोंड उघडलं. मला वाटतं मी सांगणार होतो. आज तरी मला तसं वाटून घ्यायचंय.

मामा माझ्या आधी बोलले. "ते हयचेच," ते तिला म्हणाले. "मुंबयचे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, खरं का, असं विचारल्यासारखं. आणि मी हो म्हणून मान हलवली.